वर्गाचं वजन

प्रिय चिंगे,

पुन्हा तेच. चार ओळींचं पत्र, त्यातल्या तीन ओळी टोमण्यांच्या. म्हणे, दादा, तू आठवीतच शाळा सोडलीस, तुझं काय अडलं? अगं, माझं उदाहरण देऊन तू शाळा सोडणार आणि आईची बोलणी मी खायची, हा कुठला न्याय? बेकरीवाल्या मावशी पगार देतील, उरलेला पाव घरी नेऊ देतील, कळलं. नववीचा निकाल लागला की त्यांच्या गल्ल्यावर बसणार, तेही कळलं. आधी माझं ऐक, मग काय भांडायचं ते भांड.

परवा इथल्या नव्या इमारतीत आमच्या लिफ्टची चाचणी होती. माणसं चढवायच्या आधी आम्ही लोखंडी वजनं भरून ती वरखाली पळवतो. वजनं वाहता वाहता मला शाळेचा वजनकाटा आठवला आणि एकटाच हसत सुटलो. फोरमन म्हणाला, सिमेंट डोक्यात गेलं याच्या.

आपली शाळा मुळात धान्याचं गोदाम, हे तुला ठाऊकच आहे. मोठ्या बाईंनी व्यापाऱ्याचा पिच्छा पुरवून ते मिळवलं. पोत्यांच्या माळ्यावर वाचनालय थाटलं, पहारेकऱ्याच्या खोलीत एका नळावर प्रयोगशाळा उभी केली. फक्त जमिनीत पक्का बसवलेला तो भलामोठा काटा काही कुणाला उचकटेना. मग बाईंनी त्यालाही कामाला लावलं. दर महिन्याला अख्खा वर्ग त्यावर एकदम उभा. एकेकट्याला कधीच नाही, म्हणजे कुणाला हडकुळा म्हणायची सोयच नाही. आकडा वाढला की टाळ्या. घटला की कुणाच्या घरी चूल पेटत नाही ते बाई आठवड्यात हुडकून काढायच्या. अभ्यासाचंही तसंच. पहिला नंबर कुणाचा, हे त्या शाळेत मला कधी कळलं नाही. शेवटचा कुणाचा, ते मात्र कुणी न सांगता कळायचं.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. मला हे गेल्या सुट्टीत शिपाईकाकांकडून कळलं. मी शाळा सोडली, पण माझ्या वर्गातल्या लंबूला वाटत होतं की मी चार दिवसांनी परत येईन. म्हणून हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावरून तोच आवाज बदलून 'हजर' म्हणायचा. गणिताचे सर हजेरी घेताना मान वर करतील तर शपथ. पुढच्या महिन्यात वर्ग काट्यावर चढला. हजेरी पूर्ण, आणि वजन मात्र एका पोराएवढं कमी. सरांनी काटाच बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सगळा उघडला, पुसला, तेल दिलं, बिल हातावर ठेवलं आणि म्हणाला, काटा बरोबर आहे गुरुजी, तुमची पोरं मोजा.

सांगताना काकांना हसू आवरत नव्हतं. मीही हसलो. पण परतताना गाडीत बसल्यावर हसू आपोआप थांबलं. मी गेल्याने कुणाचं काही अडणार नाही, असं धरूनच मी निघालो होतो गं.

इथे माझं छान चाललंय, आईला सांग. चार धंदे करून सोडले, हा मात्र सोडावासा वाटत नाही. लिफ्ट मजल्याच्या रेषेत अलगद येऊन थांबली की जिवाला बरं वाटतं. फोरमन म्हणतो, हात बसलाय तुझा, पण दहावीशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय तू वजनंच वाहणार.

म्हणून काल मोठ्या बाईंना फोन केला. आवाज लगेच ओळखला त्यांनी. म्हणाल्या, जुन्या मुलांना बाहेरून दहावीला बसता येतं, फक्त कुणाच्या तरी वह्या धर. आता मी कुणाच्या धरू? तुझ्याइतक्या नेटक्या आकृत्या कुणाच्या आहेत? तू गल्ल्यावर बसलीस तर माझी भूमिती मेलीच म्हणून समज. एवढं एक वर्ष काढ, पुढचं तुझं तू ठरव. फी एकाची बाराशे, असं बाई म्हणाल्या. मी चोवीसशे पाठवतोय.

तुझाच,
दादा