हजेरीतून गाळलेली मानसी

मेलबर्न

डीनसाहेब,

सोमवार, ४ मे २००९, सकाळी दहा वाजता तुमच्या सरांनी हजेरी घेताना माझ्या भाचीचं, मानसीचं, नाव गाळलं. तिचा व्हिसा रद्द झाला होता. "सर, मी राहिले," ती म्हणाली. "नो वरीज, काळजी नको," म्हणत त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्स वारलेल्या मुलीचंही नाव वर्षभर पुकारत. तुम्ही जिवंत मुलगी पुसलीत! आता वर्गातली मुलं, ती मध्ये नसल्यासारखी, तिच्या अंगावरून एकमेकांशी बोलतात. काल जेवताना मी हाक मारली, "मानसी!" समोर बसूनच ती म्हणाली, "मावशी, ती आलेली नाही."

पोलीस येतील म्हणून ती हे पत्र टाकू देत नाही; मी तिच्या नकळत, पत्ता न लिहिता टाकते आहे. तिला परीक्षेला बसू देणार की नाही, याचं लेखी उत्तर येत्या शुक्रवारी पाचच्या आत वर्गाच्या दारावर लावा. ती रोज येते.

मानसीची मावशी,
सुलोचना