रसवंतीपर्यंत जाणारी स्कूटर

सांगली,
घटस्थापनेचा आदला दिवस

तीर्थस्वरूप मामांना जोतीरामचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहिण्यापुरतं नाही. स्कूटरपाशी उकिडवं बसून बसून कंबर आता सरळच होत नाही.) तुमचे गुडघे, मामींचं बीपी आणि वरच्या रानातली हळद, तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावं. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्हाला आमचं ऐकू येत नाही, आणि आपलं सांगून झालं की तुम्ही ‘ओव्हर’ म्हणून ठेवून देता. शिवाय जे कागदावर नाही ते घडलंच नाही, हा तुमचा पलटणीतला नियम तुमच्या कुंडल गावात अजून लागू आहे. म्हणून हा कागद.

तुमचा इंद्रजित येऊन गेला. बापाचा निरोप पोरानं शब्दाला शब्द दिला : “दसऱ्याला मी येतो, गाडीवर मागं बसतो. घरापासनं कृष्णेच्या घाटापतुर एकदाबी न थांबता गेली तर गाडी तुझी. मदीच थांबली तर इंद्रजितची.” निरोप देऊन झाल्यावर त्यानं खिशातून टेप काढला आणि स्कूटरची लांबी-रुंदी मोजली. फलटणला त्यानं हॉटेल काढलंय (तो त्याला कॅफे म्हणतो, कॅफे म्हणजे जिथं चहा उशिरा येतो). तिथं भिंतीतून अर्धी स्कूटर बाहेर आलेली दाखवायची, दिव्यात रंगीत बल्ब लावायचा आणि उरलेल्या अर्ध्या भागावर गिऱ्हाइकांनी बसून फोटो काढायचे, असा त्याचा बेत आहे. मामा, मला हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा पलटणीच्या कॅन्टीनमधून ही गाडी घेऊन तुम्ही माझ्या हातात किल्ली दिलीत. संयोगिता लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीत आली ती हिच्यावरच, मांडीवर शिदोरी घेऊन. तिला कापून भिंतीत चिणलेली मला बघवणार नाही, हे मी स्पष्ट लिहितो. (चिणायची ती गाडी, संयोगिता नव्हे.)

आता दुखणं सांगतो. गेल्या दसऱ्याला तुम्ही पूजा करून गेलात तोवर गाडी ठणठणीत होती. त्यानंतर तिला एक खोड लागली. किक मारली की सुरू होते, आवाज खणखणीत, गल्ली ओलांडते, शाळेला वळसा घालते, आणि चौकातल्या रसवंतीपाशी आली की दोन उचक्या देऊन बंद. तिथून पुढं मी तिला ढकलतो किंवा ती मला थांबवते. रसवंतीवाला आता लांबूनच आमचा आवाज ओळखतो आणि ऊस चरकात सारतो. आल्याचा तुकडा घालायचा की नाही, हेसुद्धा तो हल्ली विचारत नाही.

मेकॅनिककडं न्यायला काय हरकत, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या वयाचे मेकॅनिक निवृत्त झाले आणि नवे मेकॅनिक गाडीला आधी कॉम्प्युटर कुठं जोडायचा ते शोधतात. म्हणून घरीच करायचं ठरवलं. मी भूगोलाचा मास्तर असलो तरी ज्वालामुखी शिकवलेला आहे, इंजिन त्या मानानं लहान. पहिले धावून आले ते शेजारचे धैर्यशीलराव. हे साखर कारखान्यात हजेरी लिहायला होते, पण कारखान्यात बॉयलर होता, त्यामुळं इंजिन ह्या विषयात गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि “कार्बोरेटरात कचरा हाय” असं जाहीर केलं. (पाण्याच्या पंपापासून पतसंस्थेपर्यंत काहीही बंद पडलं की आपल्याकडं कचराच अडकलेला असतो.) कार्बोरेटर काढला, जेवणाच्या टेबलावर उघडला, बासुंदीच्या पातेल्यात पेट्रोल घेऊन धुतला. त्या पातेल्याविषयी घरात अजून बोलणं चालू आहे. सगळं परत बसवल्यावर धैर्यशीलराव म्हणाले, “आदी पेट्रोल हाय का बघा, मग मारा किक.” मी सीट उचललं, टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवून आत डोकावलो, झाकण घट्ट लावलं, किक मारली. पहिल्या किकला सुरू! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. धैर्यशीलरावांना चहा मिळाला, आणि मला थोड्या वेळानं रसवंतीवर रस.

मग सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये विषय निघाला. त्यातल्या एकानं प्लग खराब ठरवला, दुसऱ्यानं टायमिंग, तिसऱ्यानं आमच्या दाराची दिशा. प्लग मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासला (जुना कुणी ठरवला, ह्यावर पुन्हा वेगळं बोलणं झालं) आणि तव्यावर तापवला. टायमिंग लावलं. स्कूटर दक्षिणेकडं तोंड करून उभी केली. दर वेळी प्रत्येक जण शेवटी तेच म्हणायचा, पेट्रोल आहे का ते बघा. दर वेळी झाकण उघडून बघायचं, लावायचं, आणि गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची. त्यामुळं आज आमच्या ग्रुपात प्रत्येकाची खात्री आहे की खरा दोष त्यानंच काढला. उद्घाटनाला सगळे हजर असतात मामा, रसवंतीपाशी मी एकटा असतो.

शेवटी मोबाइलला शरण गेलो. तिथं एक हिंदी गुरुजी आहेत. ते “दोस्तों, यह गलती कभी मत करना” असं म्हणून सुरुवात करतात आणि ती चूक मी सकाळीच करून बसलेलो असतो. त्यांच्या नादानं इंजिनाचं डोकंही उघडलं. त्यातली एक स्प्रिंग उडाली ती दुसऱ्या दिवशी पोह्यांत सापडली. ज्याला सापडली तो मीच होतो, म्हणून प्रकरण वाढलं नाही.

एवढ्या सगळ्यांची मतं ऐकून झाल्यावर मी स्वतःचं डोकं वापरलं. (हे आधी का सुचलं नाही, असं संयोगिता विचारते.) गाडी सुरू होते म्हणजे आग आहे, चालते म्हणजे पेट्रोल आहे, मग अडतंय ते हवेशी, असं मी अनुमान काढलं. कार्बोरेटरला हवेचा एक बारका स्क्रू असतो. लाकडी पळीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून, गवयानं तंबोरा जुळवावा तसा मी तो केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवत बसलो. आत स्वयंपाकघरात नवरात्रासाठी भांड्यांची घासाघीस चालली होती, तिच्या आवाजातूनसुद्धा मला तो सूर सापडला. झाकण लावलं, संयोगिताला मागं बसवलं आणि निघालो. शाळा गेली. रसवंती आली. रसवंतीवाला हातात पेला घेऊन रस्त्यावर आला आणि बघतच राहिला. आम्ही थांबलो नाही! थेट कृष्णेच्या घाटावर जाऊन मी गाडी बंद केली, ती स्वतःच्या हातानं. पाण्याकडं बघताना डोळे भरून आले हे लिहायला मला लाज वाटत नाही. संयोगिता सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही, बहुधा अभिमानानं.

तेव्हा दसऱ्याला निर्धास्त यावं. इंद्रजितला म्हणावं, भिंतीत टेबल बसव.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
जोतीराम

ता. क. : एक मागणं आहे, खरं तर त्यासाठीच पत्र. दर दसऱ्याला तुम्ही घरची हळद कालवून, सीट उचलून, “टाकी म्हंजे गाडीचं पोट” म्हणत टाकीच्या झाकणाला हळद-कुंकवाचा लेप लावता, आणि तो पुसायचा नाही अशी तुमची आज्ञा आहे. ती मी आजवर मोडली नाही, थरावर थर चढला. यंदा परीक्षा आहे, तर निघण्याआधी तुमच्याच हातानं चांगला जाड लावा. तुमच्या हळदीचा गुण मोठा आहे.

ता. क. : नट थोडे उरलेत. गाडी त्यांच्यावाचून चालते, म्हणजे कंपनीनंच जास्त दिले असणार.

मामा, संयोगिताचा नमस्कार. पाकीट डकवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. तेवढं लेपाचं करू नका, पाया पडते. स्क्रू फिरवत बसले त्या दिवशी ह्यांनी टाकीचं झाकण मोरीत देवाच्या भांड्यांत ठेवलं होतं. मी तेबी चिंचेनं घासलं. तुमच्या हळदीची खपली निघाली आणि खाली एक बारकं भोक दिसलं, पार बुजलेलं. स्टोव्हच्या पिनेनं मोकळं केलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडत न्हाई, वरनं वारा जायला दुसरं पाडावं लागतं. गाडीचंबी तसंच हाय. झाकण उघडलं की तेवढा वारा आत जायचा आणि रसवंतीपतुर पुरायचा. ह्यांना सांगितलं न्हाई. लय खूश हायत, आणि सांगितलं तर खात्री करायला परत सगळं इंजिन उघडतील. ती गाडी भिंतीत जाऊ नये असं मलाबी वाटतं, मीबी तिच्यावरनंच ह्या घरात आले.

तवा दसऱ्याला लेप जाड लावायचाच तर ह्यांच्या कपाळाला लावा. तितनं आत वारा जायची गरज न्हाई.