त्रेसष्ट देव आणि एक पिकअप

८ जून २०२५, रविवार
आज सकाळी सहाच्या आत अंघोळ-पूजा उरकून सायखेड्याला गेलो आणि अण्णांची पिकअप ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. एकोणीसशे शहाऐंशीची गाडी. थोरले भाऊ केरूअण्णा यांनी अठ्ठावीस वर्षं तिच्यातून टोमॅटो मार्केटला नेले. शाळेत मी तिच्याच हौद्यात बसून जायचो. गेली अकरा वर्षं लिंबाखाली उभी होती. सीटखाली कोंबडीची तीन अंडी निघाली, ती अण्णांनी ठेवून घेतली.

दसऱ्यापर्यंत नवी करून दाखवतो, असं मीच बोललो होतो. अण्णांचा डावा डोळा काचबिंदूनं गेला. उजव्याचं ऑपरेशन सहा ऑक्टोबरला. डॉक्टर म्हणतात, राहील तेवढी नजर राहील, हमी नाही. अण्णा म्हणाले, वाल्म्या, त्याच्या आधी एकदा तिला चाकावर उभी बघू दे, बास.

बास कसलं? मी मॉडिफाय करणार. पॉवर स्टिअरिंग, एलईडी लाइट, रिव्हर्सला आरतीची धून. हौद्यात बाक टाकून सगळ्यांना वणीला नेणार. अकरा व्हिडिओ पाहिले. अवघड काही नाही.

एकच गोष्ट खटकली. निघताना अण्णांनी बोनेटवरून दोनदा हात फिरवला. का?

११ जून, बुधवार
ठराव : गाडीला बाहेरच्या माणसाचा हात लागता कामा नये. अंबडच्या कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. वस्तू आपोआप जात नाही. आधी कोणी तरी तिला नुसता हात लावून बघतो.

शेजारचे शेखर, बँकेतून रिटायर झालेले, दोनदा कंपाउंडवरून डोकावले. म्हणाले, काय वाल्मीकराव, भंगारचा धंदा टाकला का? हसून म्हणाले. हसणाऱ्या माणसाला जास्त दिसतं.

२२ जून, रविवार
कामाला सुरुवात. खोलणं सोपं आहे. बारापर्यंत दारं, बोनेट, रेडिएटर, डायनॅमो, सेल्फ पोर्चमध्ये काढून ठेवलं. चाकं काढून गाडी विटांवर घेतली. इंजिनचं हेडही उघडलं.

भंगारवाल्याची हातगाडी आपल्या गेटसमोर हळू झाली. बायको, उज्वला, खिडकीत उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही.

२५ जून, बुधवार
अमावस्या. लोखंडाला हात लावला नाही.

२९ जून, रविवार
सुटे भाग त्रेसष्ट झाले. प्रत्येकाला चिठ्ठी लावली, स्टोअरच्या पद्धतीने. पण 'डायनॅमो' असं लिहिलं तर चोराला सोपं. म्हणून देवांची नावं दिली. आपल्याला पाठ, दुसऱ्याला बोध नाही. डायनॅमो म्हणजे सूर्यनारायण. वॉटरपंप गोदामाई. सेल्फ मारुती, कारण तो पहिली उडी मारतो. सायलेन्सर मौनीबाबा. चोवीस नावं विष्णूची, मग पंचवटीत शिरलो : काळाराम, कपालेश्वर, नारोशंकर. शेवटी गावाकडचे म्हसोबा, खंडेराव.

समाधान वाटलं. काम करता करता नामस्मरण.

३० जून, सोमवार
नीट विचार केला. नावात तर्क असला तर तो चोरालाही कळणार. कंपनीतून आल्यावर सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. आता मारुती म्हणजे मागचा उजवा हब आणि मौनीबाबा म्हणजे हॉर्न. कुठल्याच नावाला काही अर्थ उरलेला नाही. अतिशय सुरक्षित.

५ जुलै, शनिवार
यादीची वही टेबलावर होती आणि शेखर साखर मागायला आले. माणूस पासष्ट वर्षांचा, त्याला शुगर आहे, साखर कशाला हवी?

यादी पाठ केली. दोनदा उजळणी झाली. वही कचऱ्यात टाकता येईना, देवांची नावं आहेत. फाडणं तर नाहीच. संध्याकाळी रामकुंडावर जाऊन निर्माल्य कलशात सोडली. दर्शनही झालं.

१३ जुलै, रविवार
इंजिनमध्ये पाणी. ताडपत्री होती, पण काल कोणी काही नेलं का हे बघायला मी ती उचलली होती आणि मग देवपूजेची वेळ झाली. तो मुद्दा नाही. मुद्दा हा की शेखरांच्या छपराचं पन्हाळ बरोबर माझ्या पोर्चकडे वळलेलं आहे. योगायोग म्हणायचा?

अण्णांचा फोन. कुठवर आली? म्हटलं, इंजिनचं काम चालू आहे. म्हणाले, सायखेड्याचा नवनाथ मिस्त्री पाठवू का, त्याला तिची नस न् नस म्हाईत. नको म्हटलं. अण्णांना एवढी घाई का? आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

२० जुलै, रविवार
झाडूपोछाला येणाऱ्या लंकाबाईंनी पोर्च झाडायला नकार दिला. म्हणाल्या, भाऊ, जिथं पाय टाकावा तिथं देव. तिकडं सप्तशृंगीमाता उताणी पडली, इकडं म्हसोबावर मांजर बसलं. मला पाप लावू नका, मी नाय झाडणार.

म्हटलं, लंकाबाई, ते नट-बोल्ट आहेत. तर म्हणाल्या, मग तसं लिवा ना!

तसं लिहिता येत नाही, हे त्यांना कसं सांगणार? आणि त्या इतक्या बारकाईने वाचतात, हे मला आजच कळलं.

२ ऑगस्ट, शनिवार
उज्वलाचा मिक्सर महिनाभर बंद आहे, त्याचा काही तरी भाग सापडत नाही. घरात चोर आहे हे मी कधीपासून सांगतोय. आज ती दारात उभी राहून म्हणाली, अहो, आता तरी हे दुकान वाढवा.

मन भरून आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या बाजूने बोलली. दुपारीच हॉलमधला सोफा भिंतीला लावून गिअरबॉक्स आत आणला.

संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. 'दुकान वाढवणे' म्हणजे काही लोक दुकान बंद करणे असंही म्हणतात, हे मला माहीत आहे. पण तिने ज्या आवाजात म्हटलं, त्यात मला तरी उत्तेजन दिसलं.

४ ऑगस्ट, सोमवार
अनर्थ. कंपनीतून आलो तर पोर्च स्वच्छ. लंकाबाईंनी पाट मांडले, त्यावर लाल कापड घातलं आणि सगळे भाग पुसून वर ठेवले. मी ते गाडीतल्या जागेप्रमाणे मांडले होते, पुढचे पुढे, मागचे मागे. यांनी देव्या एका बाजूला घेतल्या, महादेव एका बाजूला, विष्णू मधे. म्हसोबा कुंपणाबाहेर, कारण त्याची जागा शिवेवर. प्रत्येकाला हळद-कुंकू.

म्हणाल्या, आता बघा कसं घरंदाज दिसतंय.

हे एकट्या बाईचं डोकं नाही. यामागे कोणी तरी आहे.

११ ऑगस्ट, सोमवार
श्रावणी सोमवार. शेखर कपालेश्वराहून येताना आमच्या पोर्चमध्ये नारळ ठेवून, हात जोडून गेले. त्यांच्यामागून लेनमधल्या चार बायका. एकीने क्लच प्लेटला बेल वाहिला.

नारळ फोडून पाहिला. आत खोबरंच होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
आज इंजिन सुरू करायचं ठरलं होतं. राष्ट्रीय सुट्टी असल्याने केलं नाही. यादीची उजळणी केली. त्रेसष्टपैकी एकेचाळीस आठवले. बाकीचे जिभेवर आहेत.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. पोर्चमध्ये आधीच गर्दी असल्याने आत बसवले. दहा दिवस कामाला सुट्टी.

७ सप्टेंबर, रविवार
पुन्हा उजळणी. अठरा. त्यातल्या श्रीधर आणि दामोदर यांची अदलाबदल होत असावी. फिरवून पाहिलं, दोन्हींना भोक आहे.

अण्णांचा फोन. उभी राहिली का रे? मी म्हटलं, होत आली. होत आली म्हंजी काय, चाकं लागली का? म्हटलं, लागतीलच. मग म्हणाले, सकाळच्याला जरा जास्त धूसर दिसतं आता. लांबचं बोलत नाय, हातावरची रेघ बी दिसंना.

असं सांगून ते माझ्यावर दबाव आणतायत का? तासभर विचार केला. जपाला बसलो, तर तिथेही तेच.

८ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष लागला. नवीन काम करायचं नसतं. हे आमचं चालू काम आहे की नवीन, यावर गुरुजींचं मत घ्यावं लागेल. तोवर थांबलेलं बरं.

२१ सप्टेंबर, रविवार
निर्णय : अण्णांना खरं सांगायचं. गाडी माझ्याच्यानं होत नाही. आज सर्वपित्री अमावस्या असल्याने आज नको.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. चांगल्या दिवशी वाईट बातमी देऊ नये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
नवनाथ मिस्त्री दारात. अण्णांनी पाठवला. म्हणजे पाळत. तरी म्हटलं, आलाच आहे तर मागचा उजवा हब ठोकून दे, त्यातलं बेअरिंग अडकलंय. त्याने हब उचलला, चिठ्ठी वाचली आणि हातोडा खाली ठेवला. म्हणाला, दादा, ह्यो मारुती हाय. आज माझा उपास हाय. म्या नाय ठोकत.

चिठ्ठी काढून टाक म्हटलं. म्हणाला, चिठ्ठी काढली म्हून काय देव उठून जातो व्हय?

मग विचारलं, पुढचं स्टब एक्सल कुठंय? मी पाटांकडे पाहिलं. पाटांवरून त्रेसष्ट जण माझ्याकडे बघत होते. म्हटलं, विष्णूंमध्ये कुठे तरी असेल. त्याने चहा घेतला आणि काही न बोलता गेला. हे न बोलणं तो थेट सायखेड्यात जाऊन बोलणार.

२८ सप्टेंबर, रविवार
अण्णा आले. नवनाथच्या मोटारसायकलवर मागे बसून, डोळ्याला काळा चष्मा. उज्वलाने भाकरी टाकते म्हटलं, तर म्हणाले, आधी त्या बयेला भेटू दे.

मी सांगायला सुरुवात केली की, अण्णा, त्याचं असं आहे, पावसामुळे जरा. त्यांनी ऐकलं नाही. लाल कापडावर मांडी घालून बसले आणि हाताला येईल ते उचलू लागले. डोळ्याजवळ नेलं नाही. बोटं फिरवली, वास घेतला. हा डायनॅमो. हा पंप, याला मालेगावात भरण केलतं. हे ड्रायव्हर साइडचं स्टब एक्सल, बघ हितं वेल्डिंग, पिंपळगावच्या वळणावर मोडलं होतं, तू पोटात दुखतं म्हून रडत होता. नवनाथ एकेक घेऊन जागेवर नेऊन ठेवत होता. चिठ्ठीकडे दोघांनी पाहिलंच नाही.

दोन तासांत बासष्ट झाले. त्रेसष्टावा, गोराराम, अण्णांनी तीनदा फिरवला. म्हणाले, वाल्म्या, ह्यो गाडीचा न्हाई. उज्वला स्वयंपाकघरातून आली, तिने तो हातातून घेतला आणि म्हणाली, हे माझ्या मिक्सरचं कपलर. दोन महिने कुंकू लावून बसवलंय याला!

लंकाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

अण्णांनी मग विचारलं, इंजिन का जाम हाय? हेड कोणी उघडं ठेवलं? मी पन्हाळाकडे बोट दाखवलं. अण्णांना ते बोट दिसलं नसावं.

३० सप्टेंबर, मंगळवार
मी रजा टाकली. नवनाथ आणि अण्णा दोन दिवस काम करतायत. उद्या नवमी, हत्यारं पूजेला जाणार, मग पान्याला हात लावायचा नाही, म्हणून आजच चाकं बसायला हवीत. मला काम दिलं : ओल्या फडक्याने चिठ्ठ्या काढणे. पाणी तुळशीत घातलं.

संध्याकाळी चार चाकं लागली. पण गाडी विटांवरून उतरवायला माणसं हवीत. नवनाथ म्हणाला, सहा जण तरी. अण्णा म्हणाले, शेजारी कोण हाय का?

मी म्हटलं, नाही.

अण्णा म्हणाले, असं कसं? गाव नाय का हितं? मी दहा मिनिटं गेटात उभा राहिलो. मग शेखरांची बेल वाजवली. म्हटलं, जरा हात लावता का? ते चपला न घालताच आले. मागून त्यांचा जावई, वरच्या मजल्यावरचे दोघे. एक-दोन-तीन म्हणून उचलली, विटा काढल्या, खाली टेकवली. शेखर पाठ धरून म्हणाले, वाल्मीकराव, चार महिने विचारीन विचारीन म्हणतोय, पण तुम्ही असे बघता! माझ्या सासऱ्यांची अशीच होती हो.

त्या वाक्यात काही सापडतंय का, म्हणून बराच वेळ शोधलं.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. पाने, जॅक, हातोडा देव्हाऱ्यापुढे. काम बंद. गाडी पोर्चमध्ये उभी. रंग नाही, लाइट नाही, इंजिन जाम. उभी मात्र आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
सकाळी अण्णांनी गाडीला हार घातला. मग चष्मा काढून समोर उभे राहिले. उजवा डोळा बारीक करून, मान इकडे तिकडे फिरवत, पाच-सात मिनिटं. मग म्हणाले, दिसली. आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

म्हणाले, चला मार्केटला. इंजिन नाही म्हटल्यावर म्हणाले, मंग तुम्ही कशाला हायेत?

ढकलली. शेखर, त्यांचा जावई, नवनाथ, उज्वला, लंकाबाई, मी. अण्णा चालवत होते, नवनाथ पळत पळत सांगत होता, डाव्या अंगाला घ्या अण्णा, स्कुटी हाय, आता सरळ. लेनच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मधेच उज्वला म्हणाली, अहो, तुम्ही बाजूला व्हा बरं, ढकलायच्या नावाखाली लोंबकळताय.

दुपारी आपट्याची पानं देऊन अण्णांच्या पाया पडलो. खाली वाकलेला असतानाच बोललो, वर बघून जमलं नसतं. म्हटलं, अण्णा, हेड मी उघडं ठेवलं. पन्हाळाचा काही संबंध नाही. फोनवर होत आली म्हणायचो, ते खोटं होतं. मला वाटायचं, गाडी झाली की तुम्ही ती परत मागाल. माझ्याच्यानं ती होत नाही. नवनाथकडे द्या, तुमचीच आहे.

अण्णांनी पान चाचपून खिशात ठेवलं. म्हणाले, बरं. त्याला उद्याच घेऊन जायला सांगतो. जेवायला वाढा.