किटलीवाल्याची रांग

नागासाकी
१८ ऑगस्ट २०१९

चि. तोशिमासा यास फुसाएताईचे अ. उ. आ. (हाताच्या सवयीने लिहिले गेले, मनापासून आहेत असं समजू नकोस.)

१३ ऑगस्ट, दुपारी चार वाजून वीस मिनिटं.

पत्राची सुरुवात ऋतूने करावी असं आईने शिकवलं. शाळेत सिस्टर क्लोतिल्डने वेगळं शिकवलं. ती म्हणायची, राग आला की आधी तारीख आणि वेळ लिहा, निम्मा राग तिथेच जिरतो. माझा जिरलेला नाही.

ही वेळ मी शोधून काढलेली नाही, तूच लिहून ठेवली आहेस. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलंस आणि जे जे उघडलंस त्याच्या पाठीवर पांढरी चिठ्ठी डकवलीस: तारीख, वेळ, काय बदललं, आणि खाली तुझा लाल शिक्का. तशीच चिठ्ठी आपल्या शेंडेफळाच्या, चिझुरुच्या गेमच्या कॅसेटवर आहे. १६:२०, बॅटरी बदलली, तोशिमासा. तेव्हा मी तुझ्यासाठी पीच आणायला बाजारात गेले होते. गुन्हेगार स्वतःच पंचनामा करून शिक्का मारतो हे मी बहात्तर वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

त्या कॅसेटमध्ये काय होतं ते तुला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण राग आला की मी गोष्ट पहिल्यापासून सांगते.

१९९९च्या जानेवारीत चिझुरुने हा खेळ घरी आणला. निरनिराळ्या खेळांतले बारा नायक एका आखाड्यात जमून एकमेकांना बदडतात. त्या बदडाबदडीत तिला रस नव्हता. कारखान्यात दिवसभर माशांच्या वड्या थापून आली की ती लावायची तो बोनसचा डाव. शत्रू कोणी नाही. एकटा खेळाडू, हवेत टांगलेल्या दहा लाल-पांढऱ्या चकत्या, आणि पळणारं घड्याळ. प्रत्येक खेळाडूचं मैदान वेगळं. कोळिणीला गळ फेकता येतो म्हणून तिच्या चकत्या पाण्यापलीकडे. छत्रीवालीला तरंगता येतं म्हणून तिच्या खोल विहिरीत. मी शिवण शिकवणारी बाई, मला त्यातलं एवढंच पटलं होतं की प्रत्येकाचं मैदान त्याच्या अंगाच्या मापाने बेतलेलं आहे. एकाचं दुसऱ्याला होत नाही.

दहाही फुटल्या तर नोंदींच्या पानावर वेळ उमटते, नाहीतर फुटलेल्यांचा आकडा. अकरा रांगांत चिझुरुच्या वेळा होत्या. बाराव्या रांगेत, किटलीवाल्या साधूपुढे, नुसता नऊ. तो माझा. हा ठेंगू साधू पाठीवर लोखंडी किटली घेऊन फिरतो आणि ती सारखी उकळत असते. चिझुरु म्हणायची, ताई, हा बघ तुझा सख्खा भाऊ, दादापेक्षा जास्त शोभतो. नऊ वर्षं ती मला त्याच्यासमोर बसवायला बघत होती, आणि नऊ वर्षं मी म्हणत होते की चाळिशीला आलीस, चकत्या कसल्या फोडतेस, आधी भांडी पूस. २००८च्या फेब्रुवारीत ती इस्पितळातून घरी आली तेव्हा एका दुपारी मी बसले. नऊ फुटल्या. ती खोकला येईपर्यंत हसली.

तिला जाऊन दहा वर्षं झाली. दर ओबोनला, पितरांना निरोप द्यायच्या संध्याकाळी, मी ते पान उघडून दिव्याशेजारी ठेवते. खेळत नाही. यंदाही उघडलं. बाहेर आत्म्यांच्या नावा निघाल्या होत्या, फटाक्यांनी कानठळ्या बसल्या होत्या. पानावर बारा रांगा, आकड्यांच्या जागी बारा रेघा. मी चष्मा पुसला. पुन्हा बारा रेघा.

तू चौदाला सकाळी नाश्ता न करता पळालास. बायकोचा, नोबुएचा गुडघा दुखतोय म्हणालास. गुडघा खरा असेल तर माझ्यातर्फे तिची विचारपूस कर. मला एकच कळव: पळालास तेव्हा तुला ठाऊक होतं का?

कळावे. लोभ आहे की नाही ते तुझ्या उत्तरावरून ठरवीन.
फुसाए


कुमामोतो
२३ ऑगस्ट २०१९

ती. फुसाएताईस तोशिमासाचा सा. न. वि. वि.

उकाडा अजून हटत नाही, सिकाडा किडे खिडकीच्या जाळीला चिकटून ओरडतात, तरी तुझी तब्येत बरी असावी. ऋतू मी घातला आहे, कारण मला रागवायचा हक्क नाही.

हो. ठाऊक होतं.

त्या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते आणि नोंदी तिच्यावर जगतात. तिचं आयुष्य साधारण वीस वर्षं. चिझुरुच्या कॅसेटला वीस वर्षं होऊन गेली होती. पुढच्या ओबोनला पान उघडलं असतंस आणि आपोआप कोरं दिसलं असतं. तुला विचारलं असतं तर तू मला कॅसेटला बोट लावू दिलं नसतंस, म्हणून तू बाजारात गेल्यावर बसलो. रीत अशी की जुनी बॅटरी काढण्याआधी दोन तारांनी बाहेरून वीज देत राहायची, म्हणजे नोंदींना पत्ताही लागत नाही. हे मी आयुष्यात शेकडो वेळा केलं आहे.

पण ताई, गेल्या वर्षापासून माझा उजवा हात कापतो. नोबुएशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. तार सुटली. एक क्षण, जास्त नाही. नवी बॅटरी बसवली, सवयीने चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला, आणि मग लावून पाहिलं.

जेवल्यावर तू पीच सोलून माझ्यापुढे ठेवलंस. मला गिळवेना. तू विचारलंस आंबट निघालं का. मी हो म्हणालो. पीच गोड होतं. सकाळी पळालो. सदुसष्ट वर्षांचा माणूस बहिणीच्या भीतीने पहिली गाडी पकडतो, हे नोबुएला सांगितलं तर ती म्हणाली, माणूस सदुसष्टचा असला तरी बहीण फुसाएताई आहे ना.

मी पुढच्या महिन्यात हिगानला, पितरांच्या कबरींना भेटायच्या आठवड्यात, येऊ का? बसून अकराही रांगा पुन्हा भरून देतो. हात कापला तरी चालेल, वेळ लागेल एवढंच. सोबत मोहरी भरलेल्या कमळकाकडीची पेटी पाठवली आहे.

कळावे. लोभ मागायची हिंमत होत नाही, पण तुटू देऊ नकोस.
तुझा
तोशिमासा


नागासाकी
२७ ऑगस्ट २०१९

चि. तोशिमासा यास अ. उ. आ. (ह्या वेळी निम्मे मनापासून.)

कमळकाकडी पोचली. मोहरी इतकी झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं. त्याचं श्रेय मोहरीलाच दे.

खरं बोललास म्हणून पत्ररूपी चपराक एक कमी करते. हात कापतो हे वर्षभर माझ्यापासून लपवलंस त्याची वेगळी येईल. डॉक्टरला दाखवलंस का, काय म्हणाला, कोणतं औषध दिलं, सगळं लिही. नोबुएने लिहिलं तर जास्त बरं, ती काही गाळत नाही.

तू भरलेल्या रांगा मला नकोत. चिझुरुचं झबलं फाटलं म्हणून तुझा शर्ट कापून त्या जागी टांगायचा का? रिकामं असेल ते रिकामं राहू दे.

आता एक विचारते, हसू नकोस. तिच्या वेळा तुला पाठ आहेत का? कोळिणीच्या रांगेत काय होतं? छत्रीवालीच्या? मी दहा वर्षं ते पान समोर घेऊन बसले आणि काल आठवायला गेले तर एक आकडा धड आठवेना. मी पान बघत होते, आकडे वाचत नव्हते. ह्याचा राग तुझ्यावर नाही.

कळावे. लोभ शिल्लक आहे.
फुसाए


कुमामोतो
३ सप्टेंबर २०१९

ती. फुसाएताईस तोशिमासाचा सा. न. वि. वि.

पहाटे आता जरा गारवा असतो. डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत. बाकी नोबुए लिहिणार आहे, मी तिला अडवू शकत नाही.

वेळा मला पाठ नाहीत, पण माझ्याकडे आहेत. चिझुरु दर नववर्षाला मला कार्ड पाठवायची ना, २००० पासून २००९ पर्यंत, दहा कार्डं. शुभेच्छा एका ओळीत उरकायची आणि उरलेल्या जागेत मुंग्यांच्या अक्षरात त्या वर्षीच्या वेळा. दुकान बंद केलं तेव्हा सगळं विकलं, ही कार्डं ठेवली. त्यातली नऊ सोबत पाठवतो. कोळीण, छत्रीवाली, सगळे आहेत.

२००३चं कार्ड आधी वाच. आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत ती माझ्याकडे आली होती. एका गिऱ्हाइकाने हाच खेळ दुरुस्तीला टाकला होता. दुरुस्त झाला का बघते म्हणून ती दुकानात स्टुलावर बसली आणि तिने किटलीवाला निवडला. दहाच्या दहा, एकोणीस सेकंदांत. मी म्हणालो, अगं, घरी तर त्याची रांग कोरी आहे, तुला तो जमत नाही असं ताई म्हणते. त्यावर काय म्हणाली ते तिने कार्डावर लिहिलंच आहे: दादा, ताईला सांगायचं नाही, घरी मी त्याला हात लावत नाही, ती रांग ताईची आहे, ती बसेल तेव्हा बसेल.

ताई, तो खेळ फक्त सगळ्यांत चांगली नोंद ठेवतो. तिने घरी एकदा जरी दहा फोडल्या असत्या तर तुझा नऊ कधी दिसलाच नसता. तुझ्या आधीही तिने हात लावला नाही आणि तुझ्यानंतरही नाही.

दहावं कार्ड, २००९चं, मी ठेवून घेतलं आहे. रागावू नकोस, अट तिची आहे. त्यात तिने लिहिलंय की ताईने नऊ फोडल्या, दहावीची युक्ती खाली लिहिते, पण ताईने स्वतःहून विचारली तरच द्यायची. वर्ष होत आलं, अजून विचारत नाही, मी वाट बघतेय. मार्चमध्ये ती गेली. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी दिलं नाही.

कळावे. लोभ वाढावा.
तुझा
तोशिमासा


नागासाकी
११ सप्टेंबर २०१९

चि. तोशिमासा यास फुसाएताईचे अ. उ. आ. (पूर्ण.)

कार्डं मिळाली. टेबलावर ओळीने मांडली आहेत. कोळीण १४, छत्रीवाली २२, आणि २००५च्या कार्डावर सोयाबीन सॉसचा डाग, म्हणजे जेवताना लिहिलं होतं. मी तिला जेवताना लिहू नको म्हणून ओरडले असेन.

ऋतू आज मी घालते. टेकडीवरच्या कबरींशेजारी लाल हिगानफुलांचे देठ वर आलेत. घरात मात्र तुझी निवृत्त बहीण, सिस्टर क्लोतिल्डची विद्यार्थिनी, गेला आठवडाभर रोज सकाळी टीव्हीसमोर जमिनीवर बसते आहे. भांडी पुसायची राहतात. राहू देत.

पहिल्या दिवशी दोन फुटल्या आणि साधू चार वेळा दरीत पडला. दुसऱ्या दिवशी चार. त्याचे पाय आखूड, उडी टीचभर. किटली फेकली तरच काहीतरी होतं, आणि फेकलेली किटली परत येईपर्यंत तो नुसता उभा राहून धुमसत असतो. चिझुरु बरोबर म्हणायची, आमची जात एकच आहे. काल, १० सप्टेंबरला, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नऊ फुटल्या. मी कॅसेट काढून तुझ्या चिठ्ठीखाली माझी चिठ्ठी डकवली: तारीख, वेळ, नऊ, फुसाए. शिक्क्यासकट. तू बसवलेली बॅटरी वीस वर्षं टिकली तर तोवर मी ब्याण्णवची होईन, तिची काळजी तेव्हा करू.

बाकी अकरा रांगा कोऱ्या आहेत आणि मी त्यांना हात लावणार नाही. तिने माझी एक रांग नऊ वर्षं राखली. मला अकरा राखता येतील.

आता दहावीबद्दल. ती उजवीकडे वर, छपराच्या आत आहे. अर्धी दिसते. उडी पोचत नाही आणि किटली छपराला आपटून परत येते. त्या फेब्रुवारीतही इथेच अडले होते. चिझुरुने हसून हसून डोळे पुसले आणि विचारलं होतं की ताई, दहावी? माझ्या मनात होतं की विचारावं. पण आयुष्यभर मुली मला विचारत आल्या, बाई, हा गळा कसा काढायचा, ही चुणी कशी घालायची. मला कोणाला विचारायची सवयच नव्हती. मी म्हणाले, नऊ पुरेत, भात करपतोय. भात करपत नव्हता, तोशिमासा. भात अजून चढवलाही नव्हता. ती वर्षभर माझ्या तोंडाकडे बघत होती ते कशासाठी, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

तेव्हा आज लिहून विचारते, म्हणजे अट पुरी झाली नाही असं तुला म्हणता येणार नाही. चिझुरु, दहावी कशी फोडायची गं?

प्रश्न तिला आहे, उत्तर तुझ्या खणात आहे. हिगानचा आठवडा २० तारखेला लागतो. मला त्याआधी सराव करायला हवा. २००९चं कार्ड गुरुवार, १९ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारात पोचलं पाहिजे. मग विसाला तूही ये, नोबुएलाही आण. हात कापून चहा सांडलास तर मी पुसेन. पण फोन करून युक्ती सांगायचा शहाणपणा करू नकोस, मी रिसीव्हर ठेवून देईन. मला उत्तर लेखी हवं. तिच्या अक्षरात.

कळावे. लोभ आहेच.
फुसाए