घोट्याची उडी

३ मार्च, सकाळी ७.१०
अक्षरओळख नाही म्हणून काय झालं, रोजनिशी ठेवायची. नातीने मोबाईलमध्ये सोय करून दिली आहे. मी बोलते, तो लिहितो. तारीख-वेळ आपणहून टाकतो. लिहिलेलं कुणाला जाऊन सांगत नाही. या घरात एवढा गुण दुसऱ्या कुणात नाही.

मुद्दा असा. गेल्या महिन्यात जिन्यात माझी पायरी चुकली. बत्तीसातली एक. म्हणजे एकतीस बरोबर. पण मुलाने हाय खाल्ली. म्हणतो, गच्चीवरची खोली सोड, खाली आमच्यात ये, हॉलमध्ये कॉट टाकतो. शिलाई मशीन विकून टाकू. मी म्हटलं, आधी मला विक.

डॉक्टरकडे मी जात नाही. शेवटी तडजोड झाली. नात डॉक्टरकी शिकते, तिसरं वर्ष. अठरा तारखेला नसांच्या तपासणीची तोंडी परीक्षा. सरावाला निरोगी माणूस हवंय. ती मला तपासणार आणि परीक्षा झाली की बापाला निकाल सांगणार. नसा ठीक, तर खोली माझी.

निरोगी मी आहेच. तळव्यांना गादीवरून चालल्यासारखं वाटतं, पण ते वयाचं सुख. साखरेच्या गोळ्या बारा वर्षं घेते आहे. आठवतील तेव्हा.

५ मार्च, संध्याकाळ
डोक्यापासून सुरुवात. आजचा वार विचारला. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. कापड बेतण्यात जन्म गेला, मला वजाबाकी विचारतेस? डोळे मिटून साबण ओळखला, कॉफी ओळखली. डोकं न हलवता तिच्या बोटामागे डोळे फिरवले. दात दाखव म्हणाली. उठून वाटीतून आणून दाखवले.

मग जीभ बाहेर काढायला सांगितली. सून दारातच उभी होती. सव्वीस वर्षं दाताआड धरलेली जीभ, अख्खी काढली. नात म्हणाली, सरळ आहे, कुठे वळत नाही. सून म्हणाली, हो, सरळच लागते.

नसा उत्तम.

७ मार्च
आज हातोडी. गुडघ्याखाली मारली, पाय आपसूक उडाला. दोघी खूश. मग टाचेच्या मागे, वरच्या जाड शिरेवर मारली. पाऊल झटकलं गेलं पाहिजे म्हणे. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. पोरीचा चेहरा एवढासा झाला. माझाच नेम चुकतोय, म्हणाली.

मला बघवेना. तिसऱ्या वेळी ठप्प ऐकलं आणि दिलं पाऊल झटकून. काय हसली! वहीत अधिकची खूण केली. यात खोटं काही नाही. पाऊल माझं, उडवणारी मी.

९ मार्च
डोळे मिटून बसायचं, कापूस लागला की हो म्हणायचं. गुडघ्याच्या वर कळतो. खाली नाही कळत, पण तो कापूस आहे, धोंडा नाही. तरी नात कापूस टेकवताना श्वास धरते, हे माझ्या लक्षात आलं. श्वास थांबला की मी हो. बारापैकी बारा.

मग दोन शिंगांचा लोखंडी काटा. तो मनगटावर आपटून घोट्याच्या हाडावर टेकवते आणि थरथर कळते का विचारते. त्याचा गुणगुणाट मला ऐकू येतो. तो थांबला की मी म्हणते, थांबला. कान किती शाबूत आहेत, याचे मार्कच नाहीत.

शेवटी पायाचा अंगठा धरून हलवला. वर गेला की खाली, ते सांगायचं. मी आळीपाळीने वर, खाली, वर, खाली. दहात सात. पास व्हायला एवढे लागतही नाहीत.

११ मार्च
पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं. एवढंच. डोळे मिटले आणि पायाखालची जमीन कुणीतरी ओढून घेतली. नातीने धरलं. मी म्हटलं, दोरा पडला होता, तो उचलायला वाकले. डोळे मिटून? असं विचारलं तिने. मी म्हटलं, शिवणाऱ्या बाईला दोरा दिसावा लागत नाही. हे मलाही नीट कळलं नाही, पण तिने वही मिटली.

निश्चय: उद्यापासून रोज दहा मिनिटं कपाटापाशी उभं राहून सराव.

१२ मार्च, सकाळ
सराव केला. कपाट हललं. जुनं झालंय.

१४ मार्च, दुपारी २.२०
फरशीवर लाल ठिपके. मशीनपासून बाथरूमपर्यंत, तिथून दारापर्यंत. वाटलं, दुरुस्तीला आलेल्या लाल पँटचा रंग सुटला. पुसून काढले. मागे वळून बघते तर पुन्हा ठिपके, माझ्या मागोमाग आलेले. जिन्यातून सुनेला हाक मारून विचारलं, तुझा पाय कापलाय का गं? ती म्हणाली, मी आज वर आलेच नाही.

खुर्चीत बसून पाय मांडीवर घेतला. टाचणी. डोक्यापर्यंत आत. कधी गेली कोण जाणे. उपटली. काही वाटलं नाही. कुणी दुसऱ्याचा पाय सांभाळायला देऊन गेलंय तसा धरून बसले थोडा वेळ.

मग मोजे घातले. नातीला सांगितलं, थंडी वाजते, परीक्षेपर्यंत पायांना सुट्टी. हात तपास. ती म्हणाली, तुझे पाय तर तसेही फर्स्ट क्लास आहेत.

१८ मार्च, सकाळ
परीक्षेचा दिवस. मशीनला तेल घातलं. मुलाला निरोप धाडला की कॉट ज्या दुकानातून आणलीस तिथे परत दे.

१८ मार्च, संध्याकाळी ५.४०
नात नापास.

चपला न काढता वर आली आणि कापडांच्या ढिगावर बसली. परीक्षेला तिच्यापुढे एक रिटायर्ड ड्रायव्हर होते. साखरेचे पेशंट. टाचेमागे हातोडी मारली, पाऊल ढिम्म. हिला वाटलं, आपला नेम चुकला, घरी तर तिसऱ्या फटक्याला पाऊल उडतंच. म्हणून सांगून टाकलं, उडालं. परीक्षक बाईंनी स्वतः मारून बघितलं. पाऊल हललं नाही. बाईंनी विचारलं, सराव कुणावर केलास? ही म्हणाली, आजीवर, बारा वर्षं साखर आहे तरी झटका एक नंबर. बाई म्हणाल्या, मग आजीलाच घेऊन ये, मला बघायचंय ते पाऊल.

सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा. नात म्हणते, देणार नाही. माझ्या हाताला गुणच नाही म्हणते. जे आहे ते कळत नाही, तर कसली डॉक्टर.

मी म्हटलं, रडू नकोस, बाईंची हातोडी खराब असेल. मग म्हटलं, ड्रायव्हर आळशी असेल. ती उठून जायला निघाली. हातोडीच्या दिवशी, टाचेवरच्या पहिल्याच फटक्याला, तिला बरोबर उत्तर मिळालं होतं. हे ठाऊक असलेली जगात मी एकटीच.

मोजे काढले. टाचणीची जागा दाखवली. श्वासाचं सांगितलं, काट्याचं सांगितलं, झटक्याचं सांगितलं. वाटलं, चिडेल. तिने पिशवीतून हातोडी काढली आणि मारली. मी ठरवलं होतं, पाऊल घट्ट धरून ठेवायचं, हलू द्यायचं नाही. धरायची वेळच आली नाही.

१९ मार्च, सकाळी १०.०५
खाली हॉलमध्ये मुलगा कॉट लावतोय. स्क्रू पिळल्याचा आवाज इथवर येतो. सून म्हणते, खिडकीकडे डोकं ठेवा, उजेड येतो. एवढ्या गोडीने बोलली की मी घाबरले. अर्थात मी तात्पुरती जाते आहे. सरावापुरती. मशीन विकायची भाषा कुणी काढायची नाही. पाय सुधारले की पुन्हा वर.

नातीने सकाळी पहिल्यापासून सगळं तपासायला घेतलं. श्वास ऐकू येऊ नये म्हणून पंखा मोठा केला. मी डोळे मिटले. खात्री होती, रात्री तेल चोळलंय, कापूस एकदा तरी कळेल. सरळ बसून वाट बघितली. बराच वेळ. शेवटी म्हटलं, अगं, कॉलेजला उशीर होईल तुला, सुरू कर की.

ती म्हणाली, आजी, झालं.