पियानोची पूजा

चऱ्होली

सौ. सगुणास,

गेनूचा आशीर्वाद. पत्राला महिनाभर उशीर झाला, राग धरू नकोस. फोनवर बोललेलं इथे सगळ्या घराला ऐकू जातं, म्हणून लिहितो.

आम्ही खुशाल आहोत. आपली नात तेजल ऑनलाइन पियानो शिकते, बाई मोबाईलवर दिसतात. सुरज छोटा, खेळण्यातला आणणार होता. बाई म्हणाल्या, निदान एकसष्ट पट्ट्यांचा घ्या, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमीजास्त होणारा. मग त्याने तसाच मागवला.

तो आला तेव्हा घरात मी एकटाच होतो. कंपनीत नव्या मशीनची करायचो तशी पूजा केली, नारळ फोडला आणि पाणी पट्ट्यांवर शिंपडलं. जरा जास्तच पडलं. तेव्हापासून मधल्या तीन पट्ट्या जेमतेम वाजतात.

सगळ्यांना वाटतं, पोरगीच हलकं दाबते. बाई म्हणतात, "तेजल, जेवली नाहीस का? जोर लाव." ती बोटं लाल होईपर्यंत दाबते. सूनबाई म्हणते, हिला जमत नाही, क्लास बंद करू. मी शेजारीच बसून ऐकतो.

आज सुरज पहिल्या शिफ्टवरून आला की सांगणार आहे. त्याआधी हे पत्र टाकून येतो, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का?

सुरज फारच रागावला तर तिकडे निघून येऊ की इथेच राहू, तेवढं लवकर कळव.

तुझा,
गेनू