यशवंत तिसरा नको

प्रिय दादा,

आज तुझ्या मुलाचं बारसं झालं. पाठ दुखतेय, गाल त्याहून जास्त. बाबा बाल्कनीत पाठमोरे बसलेत, वहिनी बाळाला पाजतेय आणि मी तुझ्या टेबलाशी बसून हे लिहितेय. आज मी जे केलं ते तुला विचारून करायला हवं होतं. विचारू कुणाला? तीन महिने झाले तुला जाऊन, आणि खरं सांगू का, मला अजून रडण्याआधी तुझा रागच येतो. इतकी कसली घाई होती रे? पोराचं तोंड बघण्यापुरतंसुद्धा थांबला नाहीस!

सकाळपासून डोक्यात ते हेन्री घोळतायत. तू चौदा वर्षांचा होतास, मी बारा. शारजात रोला चौकाजवळचं आपलं दोन खोल्यांचं घर, आणि शाळेच्या लायब्ररीतून तू आणलेलं युरोपातल्या राजांचं जाडजूड पुस्तक. पहिल्याच संध्याकाळी तू वैतागून म्हणालास, "मंजे, या लोकांना नावंच सुचत नाहीत का गं? एका हेन्रीच्या मागे दुसरा हेन्री!" आणि मग त्याच हेन्रींनी तुला असं झपाटलं की गणिताच्या वहीची मागची पानं त्यांच्या मरणांनी भरून गेली.

फ्रान्सचा हेन्री दुसरा. भाल्यांच्या खेळात समोरच्याचा भाला मोडला आणि त्याची ढलपी याच्या डोळ्यातून आत घुसली. मरायला दहा दिवस लागले. दहा दिवस! तू एका डोळ्यावर हात दाबून सोफ्यावरून खाली कोसळायचास. त्याचा मुलगा हेन्री तिसरा. त्याचं दुसऱ्या एका हेन्रीशी वैर, तो मोठा सरदार. राजाने त्याला महालात बोलावलं आणि आपल्या रक्षकांकडून भोसकून मारलं. वर्षही सरलं नाही तोच एक साधू पत्र घेऊन आला आणि त्याने राजाच्याच पोटात सुरी खुपसली. उरला आणखी एक हेन्री, पुढचा हेन्री चौथा. तो राजा झाला, लोकांचा लाडकाही झाला. एके दिवशी त्याची घोडागाडी अरुंद गल्लीत अडकली, एक माणूस चाकावर चढला आणि त्यालाही सुऱ्याने भोसकलं.

साधू नेहमी मीच. सुरी म्हणजे उलथनं. तू मरायचास मात्र फार झकास! आई ओरडायची, "पुरे रे ते मेलं मरण! यल्ला, जेवायला चला."

एकदा असाच मरून पडला असताना तू म्हणालास, "पहिल्याला 'पहिला' कधी म्हणतात ठाऊक आहे? दुसरा आल्यावर. तोवर तो नुसताच असतो. बघ, मी आल्यामुळे आजोबा यशवंत पहिले झाले."

मिरजेचे ड्रिल मास्तर यशवंतराव गेले आणि वर्षाच्या आत तू झालास. घराण्याची रीत, गेलेल्याचं नाव परत आणायचं. म्हणून तू यशवंत दुसरा. आईने मात्र तुला जन्मात कधी यशवंत म्हटलं नाही. सासऱ्यांचं नाव तोंडातून कसं काढायचं! तिचा तू सोन्या. शाळेच्या फॉर्मवरचं नावसुद्धा ती बोटाने दाखवायची, वाचायची नाही. वडीलधाऱ्याचं नाव असलेल्या पोरावर हात उचलू नये, असंही आपल्यात म्हणतात. म्हणतात, हं!

नाव पूर्ण घ्यायचे ते फक्त बाबा, आणि ते कधी घ्यायचे ते तुला सांगायला नको. साइटवरून आले की बूट काढायचे. इलेक्ट्रिकल फोरमन माणूस, बुटांच्या कपाटातच हातभर लांबीची करडी वायर ठेवलेली. मग मला म्हणायचे, "मंजू, एसी लाव." खिडकीतला तो जुना एसी फुलवर टाकला की ट्रकसारखा घरघरायचा. शेजारच्यांना मग काही ऐकू जायचं नाही.

दादा, एसी मी लावायचे. दर वेळी मीच. हे आपण कधी बोललो नाही. मी कान झाकून भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे, पण बटण आधी फिरवायचे आणि मग कान झाकायचे. मला दुसऱ्यांदा सांगावंही लागायचं नाही. तुला राग आला नाही का रे माझा?

हेन्रींची वही बाबांच्या हाती लागली तो दिवस. गणितात तुला एकेचाळीस मार्क होते. आधी त्यांनी पानं फाडली. मग वायर. प्रत्येक फटक्याला नाव. "बोल यशवंत! आता बोल ना! बोल!" तू काय बोलणार होतास? वायरीचं प्लास्टिक फाटून आतलं तांबं बाहेर आलं तरी ते थांबले नाहीत. आई मध्ये पडली, तिच्या मनगटावरही एक बसला. "अहो, मामंजींचं नाव आहे हो त्याचं!" ती किंचाळली. बाबा म्हणाले, "म्हणूनच तर!"

शर्ट पाठीला चिकटला होता. आई कोमट पाण्याने भिजवून भिजवून तो सोडवत होती आणि तू पालथा पडून माझ्याकडे बघत होतास. "मंजे, बाबा मला नाही मारत. ते पहिल्याला मारतात. तो आता हाती लागत नाही, मी लागतो."

बाबांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी का, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुला होतं. आजोबांची छडी. चौदा वर्षांच्या पोराला इतकं कळावं, याचं कौतुक करू की छाती पिटू?

आणि तुझ्यावर माझा खरा राग आहे तो पुढचा. पुण्याहून इंजिनिअर होऊन आलास, दुबईत मरीनाच्या साइटवर लागलास, बाबांपेक्षा वीतभर उंच झालास. तरी दर शुक्रवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तूच न्यायचास, त्यांच्या पायातले सॉक्ससुद्धा तूच ओढून द्यायचास. एकदा तरी उलटून बोलायचं होतंस! एकदा तरी मनगट धरायचं होतंस! मी विचारलं तर हसून म्हणालास, "खलास गं, जुनी गोष्ट." जुनी? तुझ्या पाठीला विचार, होती का जुनी!

पाठीवरूनच ओळखलं आम्ही तुला, दादा. साइटवरून येताना टँकरने तुझी गाडी दुभाजकावर चेपली. दरवाजा कटरने कापावा लागला. हॉस्पिटलमध्ये बाबा आणि मी गेलो, तर चेहरा दाखवायलाच तयार नव्हते. दाखवण्यासारखा राहिलाही नव्हता. तिथला पोलीस भला माणूस होता. म्हणाला, "चाचा, कोई पुरानी निशानी है?" मी म्हटलं, "पीठ देखिए." त्यांनी तुला कुशीवर वळवलं. त्या रेघा. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ये किसने किया?"

बाबा म्हणाले, "मैंने."

बस्स, एवढंच. मला वाटलं, आता तरी हा माणूस बदलेल. कसलं काय! मूल झाल्याचा फोन आला तसे बाबा रडायला लागले, "माझा यशवंत परत आला." नाव ठरलं, विषय संपला. दोन यशवंत गेले, आता तिसरा. सगळ्या नातेवाइकांनी फोनवर माना डोलावल्या. वाईटही वाटायचं मला, म्हातारा बाळाकडे बघून हुंदके द्यायचा तेव्हा.

पण परवा वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "मंजूताई, यांनी लग्न ठरतानाच मला सांगितलं होतं. मुलगा झाला तर काहीही नाव ठेव, पण तिसरा नको. कानात नाव तुम्ही सांगणार आहात. मी काय बोलू? माझं कोण ऐकतंय?"

आत्या मी. नाव सांगायचा मान माझा. सुतक कधीच फिटलं होतं, पण दुःखाचं घर, म्हणून साधंच केलं. शेजारच्या मल्याळी बाईंचा पाळणा, दहा-बारा बायका. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून इकडून तिकडे गेलं. मी वाकले. कुर्रर्र केलं आणि जे नाव आपल्या घराण्यात कुणाचंही नव्हतं ते त्याच्या कानात सांगितलं. निहार.

पाठीवर बुक्के पडले, बायका हसल्या, कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "निहार! वा!" आणि बाबा सोफ्यावरून उठले.

"काय ठेवलंस?"

मी पुन्हा सांगितलं. फाडकन बसली. कानातलं उडून पाळण्याखाली गेलं, बाळ दचकून रडायला लागलं. सगळ्या बायका जागच्या जागी. "माझ्या मुलाचं नाव पुसतेस?" त्यांचा हात दुसऱ्यांदा वर गेला. तेवढ्यात आई आली, हाताला पीठ तसंच, आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"यशवंत मेला," ती म्हणाली. "तुमचा बाप यशवंत मेला. माझा पोरगा यशवंत मेला. आता खलास. यशवंत खलास!"

तीस वर्षांत पहिल्यांदा, दादा. तेही भर सभेत! बाबांचा हात तसाच वर राहिला. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "तू नाव घेतलंस?"

"घेतलं," आई म्हणाली आणि पुऱ्या लाटायला आत गेली. बाबा बाल्कनीत जाऊन बसले ते अजून तिथेच आहेत.

हे सांगून मला पत्र संपवायचं होतं. मी जिंकले, तुझा शब्द राखला, वगैरे. पण तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग?

मी बाथरूममध्ये तोंड धूत होते. माझी सई आली. पाच वर्षांची झालीय, बोलते सगळं इंग्रजीत. म्हणाली, "मम्मा, आर यू गोइंग टू हिट निहार टू?"

"मी कशाला मारीन गं?"

"यू हिट मी. लाइक आजोबा."

गेल्या आठवड्यात. स्पेलिंग येत नव्हतं म्हणून, कपडे वाळत घालायच्या हँगरने. पोटरीवर. दोनदा नाही, दादा, मी फटके मोजलेही नाहीत. मला वाटायचं, ते नावाबरोबर येतं. सई हे नाव तर आपल्याकडे सात पिढ्यांत कुणाचं नव्हतं! मी खाली बसले, म्हटलं, "नाही मारणार. कुणालाच नाही. प्रॉमिस." आणि तिच्या गालावरचे केस मागे करायला हात पुढे केला. तर तिने डोळे घट्ट मिटले आणि मान आत ओढून घेतली.

म्हणून हे वचन तिला नुसतं देऊन भागणार नाही, तुलाही देते. तू माझ्यावर नजर ठेव. मी हात पुढे केल्यावर माझी पोरगी ज्या दिवशी डोळे उघडे ठेवील, त्या दिवशी तुला पुन्हा लिहीन. तोवर नाही.

तुझीच,
मंजी